छोटा दांडा

गाडी वर्षभर फणसाखाली उभी होती. पावसाळा तिच्यावरून गेला, पिकलेले फणस टपावर पडून फुटले, कोंबड्यांनी मागच्या हौद्यात अंडी घातली. रावजीनं तिच्यावर ताडपत्रीसुद्धा टाकली नाही. विकायची गोष्ट कुणी काढली की तो म्हणे, "बघू." चालवायची गोष्ट निघाली की उठून जाई.

मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकअप होती ती. पुढची आणि मागची, चारही चाकं ओढणारी. मालगुंडच्या मागच्या डोंगरावर रावजीची वाडी. तिथून खाडीकाठाला उतरायची वाट जांभ्या दगडाची, सुट्या खड्यांची आणि इतकी उभी, की साधी गाडी अर्ध्यात थांबून राहायची. या गाडीनं मात्र कित्येक हंगाम आंब्याच्या पेट्या खाली नेल्या आणि कौलं, सिमेंट, तांदूळ वर आणले. रावजी चालवायचा आणि त्याची बायको तुळसा शेजारी बसायची. बायकोला क्लीनर केलंय म्हणून लोक हसायचे. पण चढावर गाडी थांबली की चाकामागं लाकडी ठोकळा लावायला तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं.

गेल्या हंगामात तोच ठोकळा लावायला ती उतरली आणि गाडी तिच्या अंगावर आली.

वाटेच्या मध्यावर, सगळ्यात उभ्या जागी, राखणदाराचं ठाणं आहे. काजऱ्याच्या झाडाखाली शेंदूर फासलेला धोंडा. वर जा नाहीतर खाली, तिथं गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, चालवणाऱ्यानं स्वतः उतरून धोंड्यावर पाल्याची डहाळी ठेवायची आणि मगच पुढं जायचं. इंजिन घुरघुरत ठेवून वाहिलेली डहाळी देवाला पोचत नाही, असं त्या बाजूला सगळे मानतात. हँडब्रेक कुणाच्याच गाडीचा धड नसतो. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकायची, आणि वर ठोकळा. त्या दिवशी रावजी डहाळी घेऊन एका बाजूनं उतरला, तुळसा ठोकळा घेऊन दुसऱ्या बाजूनं उतरली. ती चाकामागं वाकली आणि गाडी सुटली. मागं जांभ्याची भिंत होती.

गाडी गिअरमध्ये होती, असं रावजी तेव्हा म्हणाला. आधी मोठ्यानं म्हणाला, मग हळू, मग म्हणायचा थांबला. तिला सोडवताना माणसांनी गाडी ढकलली होती, दांडे हलवले होते. आधी कुठला दांडा कुठं होता हे कुणालाच सांगता येईना. आणि गिअरमधली गाडी सुटत नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. वाडीतले अर्धे म्हणायचे, रावजीनं त्या साली राखणीचा कोंबडा चुकवला, म्हणून राखणदारानं आपला वाटा घेतला. उरलेले अर्धे म्हणायचे, रावजी गिअर टाकायला विसरला.

त्याची एकुलती मुलगी चिमा या दुसऱ्यांतली. ती एकदाच बोलली, दहाव्याच्या दिवशी. "बाबा, गिअर टाकायला असा किती वेळ लागतो?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. बाळंतपणाला माहेरी आली, राहिली, बापाला वेळेवर जेवायला वाढलं, अंघोळीचं पाणी काढलं. पण त्याच्या तोंडाकडं बघून बोलणं तिनं सोडलं होतं.

आणि आज त्याच गाडीतून, त्याच वाटेनं, चिमा आपली तान्ही मुलगी घेऊन सासरी निघणार होती.

गाडी चालू केली ती जावयानं. भागोजी आठवडाभर खपत होता. त्यानं बॅटरी भरून आणली, टाकी धुतली, मागचे दोन टायर नवे बसवले. हंगाम तोंडावर होता आणि खाडीकाठच्या त्याच्या वाडीत कुणाकडं गाडी नव्हती. राखणीचा कोंबडाही त्यानं देऊन टाकला होता. "माझ्याकडनं काय बाकी ठेवली नाय, मामा," असं तो सासऱ्याला म्हणाला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा रावजी मागच्या दारानं निघून काजूत जाऊन बसला होता. पण आज सकाळी भागोजी म्हणाला, "फोर-व्हील लागत नाय. पुढची चाकं ओढतच नायत. फारुकला बोलावलंय." तेव्हा रावजी गेला नाही. तो पायरीवर बसून राहिला, नजर गाडीवर.

फारुक मिस्त्री खाडीकाठचाच. काही वर्षं मस्कतला गाड्या दुरुस्त करून आला होता आणि आता नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. आल्या आल्या त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"काका, वर्षभर उपाशी ठेवलीत हिला. आता रुसली तर कुणाचा दोष?"

"तू रुसवा काढ. भाषण नको," भागोजी म्हणाला.

"जावयाला घाई दिसते. बायको न्यायचीय ना."

"बायको न् पोर, दोन्ही. तिन्हीसांजेच्या आत उंबऱ्यात पाहिजेत, नायतर आय मलाच बाहेर ठेवील."

फारुकनं जॅक लावून पुढची चाकं उचलली. मग आत जाऊन छोटे दांडे हलवून पाहिले. या गाडीला गिअरच्या मोठ्या दांड्याशिवाय आणखी दोन छोटे दांडे होते. एक पुढची चाकं जोडायचा. दुसऱ्याला तीन जागा. पुढं ढकलला तर वेगाचा गिअर, मागं ओढला तर चढाचा, लो. आणि मधोमध काहीच नाही.

फारुकनं पुढची चाकं जोडून एक चाक हातानं फिरवलं आणि खाली वाकून पाहिलं. पुढचा शाफ्ट हलत नव्हता. दुसरं फिरवलं, शाफ्ट हलला.

"शाफ्ट ठीक, छोट्या दांड्यांचा खालचा डबाही ठीक," तो म्हणाला. "रोग चाकात हाय."

उजव्या चाकाच्या मधोमध फिरवायची खुंटी होती. ती फिरवली की चाक आसाशी जोडलं जायचं. खुंटी जोडलेल्या खुणेवर होती, पण आत मिठानं आणि गंजानं सगळं जाम झालं होतं. ती नुसती फिरायची, धरायची नाही. फारुकनं खोलून रॉकेलनं धुतली, गंज खरवडला, ग्रीस भरून बसवली. मग गाडी अंगणातून एक फेरी फिरवून आणली तेव्हा भलतंच झालं. जोडलेली पुढची चाकं सुटेनात. भागोजीनं दांडा दोन्ही हातांनी ओढला, तोंड लाल झालं.

"ओढू नको, माणसाचा हात हाय तो, हत्तीची सोंड नाय," फारुक म्हणाला. "मागं नवे टायर, पुढं झिजलेले. दोन्ही सारखे फिरत नायत, आत पीळ बसतो. थोडी रिव्हर्स घे."

भागोजीनं गाडी हातभर मागं घेतली. दांडा आपसूक सुटला.

"कडक रस्त्यावर फोर-व्हील लावून फिरू नको. उतारावर खड्यांतच लाव. झालं काम."

तेव्हा रावजी पायरीवरून उठला आणि गाडीजवळ आला. वर्षात पहिल्यांदाच त्यानं तिच्या पत्र्याला हात लावला.

"फारुक, एक विचारू?"

"विचारा की, काका."

"पहिला गिअर टाकलेला हाय, इंजिन बंद हाय. गाडी चढावरनं सुटेल काय?"

भागोजी उगाच टायर पुसायला लागला. फारुकनं हात पुसत पुसत वेळ घेतला.

"तसं म्हणाल तर सुटेल," तो म्हणाला. "मोठा गिअर इंजिनला धरतो. पण चाकं आपली या छोट्या डब्यावर. हा 'लो'चा दांडा मधे आला, की वर गिअर कुठलाही असू दे, चाकं मोकळी. पण तो मधे येईलच कसा? एकदा दात दातांत बसले की बसले."

"आणि नाय बसले तर?"

फारुकनं त्याच्याकडं बघितलं. मग तो गाडीत चढला. दांड्यांच्या बुडाशी कसलं तरी कापड खुपसलेलं होतं, ते त्यानं ओढून बाहेर टाकलं, जमिनीचा पत्रा खोलला आणि विजेरी घेऊन आत पाहिलं. दात पाहिले, स्प्रिंग दाबून पाहिली, तेलात बोट बुडवून तेल पाहिलं. मग तसाच उघड्या पत्र्यानं गाडी खळ्याच्या चढावर नेली, लो टाकला, पहिला टाकला, इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी हलली नाही. तिघांनी मिळून ढकलली. तरीही हलली नाही. फारुकनं बॉनेटवर बसून उड्या मारल्या.

"बघा. डोंगर हलेल, ही हलायची नाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, झालं ते झालं. माणूस हाय, विसरतो."

रावजी नुसता मान हलवून अंघोळीला गेला. फारुक चहा पिऊन निघाला. जयगडला कुणाच्या तरी लग्नाची गाडी बंद पडली होती. जाताना सांगून गेला, "पत्रा तेवढा बसवून टाक रे, भागोजी. चार तर स्क्रू."

जेवणं झाली. भागोजीनं पत्रा बसवला, हौद्यात पेंढा पसरून चिमाचं सामान चढवलं आणि तो ओटीवर जरा आडवा झाला. चिमा आत पोरीला पाजत होती. ऊन इतकं होतं की कोंबड्यासुद्धा गाडीखाली शिरून गप पडल्या होत्या. रावजीला पडवत नव्हतं. तो गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि आपल्या जुन्या जागेवर बसला.

शेजारची जागा रिकामी. तिच्याकडं न बघता त्यानं मोठा गिअर हलवला, मग 'लो'चा छोटा दांडा मागं ओढला. दांडा गेला. पण मऊ गेला. सकाळी खळ्यावर तो फारुकच्या शेजारी उभा होता, तेव्हा दांडा जाताना ठक्क असा कोरडा आवाज झाला होता. आता झाला नाही. त्यानं पुन्हा ओढला. दांडा शेवटाला जाऊन कशावर तरी टेकत होता आणि किंचित परत येत होता.

रावजीनं खाली पाहिलं. दांड्यांच्या बुडाशी, पत्र्याच्या भोकात, कापडाची गादी खुपसलेली होती. सकाळी फारुकनं ओढून टाकलेली तीच. गोणपाटावर जुन्या लुगड्याचे थर घालून शिवलेली, मधे दांड्यांपुरती चीर ठेवलेली. टाके त्यानं ओळखले. त्या भोकातून लाल धूळ यायची आणि इंजिनची धग यायची. तुळसाचे पाय भाजायचे. गेल्या हंगामात एका दुपारी ओटीवर बसून तिनं ही गादी शिवली आणि खुपसून बसवली. "आता कसं, घरातल्यागत," असं म्हणाली होती. त्यानंतर त्या वाटेनं त्यांच्या फार खेपा झाल्याच नाहीत.

त्यानं गादी उपसून काढली आणि दांडा ओढला. ठक्क. परत खुपसली, ओढला. मऊ. दांडा गादीच्या कडेवर टेकत होता. बोटभर कमी पडत होता.

अंगण विहिरीच्या बाजूला जरासं उतरतं आहे. रावजीनं गादी तशीच ठेवली, लो टाकला, पहिला टाकला, आणि खाली उतरून गाडीला खांदा लावला. गाडी ठाम उभी. पुन्हा रेटलं, ठाम. तिसऱ्यांदा रेटलं तेव्हा आतून टक् असा बारीक आवाज आला, बोटं मोडल्यासारखा, आणि गाडी विहिरीकडं चालायला लागली. त्यानं धावत जाऊन ठोकळा घातला. गाडी ठोकळ्यावर येऊन हिंदकळली आणि थांबली. आत वाकून पाहिलं तर मोठा गिअर पहिल्यातच होता. छोटा दांडा मधोमध उभा.

रावजी चाकाशेजारी खाली बसला. तो विसरला नव्हता. हे कळायला वर्ष गेलं, आणि आता कळल्यावर त्याला बरं काहीच वाटेना. तिनं शिवलं होतं. तिच्याच हातानं.

त्यानं गादी उपसली आणि सदऱ्यात कोंबली. चिमाला हे कळायला नको, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं. आपण विसरलो होतो असंच राहू दे.

पण सावल्या लांबल्या, भागोजी उठला, आणि चिमा मुलीला घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं बसायच्या आधी खाली पाहिलं.

"गादी कुठं गेली?"

"कसली?" रावजी म्हणाला.

"आयनं शिवलेली. मिस्त्रीनं फेकली होती, मी झाडून यांच्याकडं दिली बसवायला. पोरीच्या अंगावर धूळ येईल."

"फाटली होती. टाकली मी."

"टाकली?" चिमा म्हणाली. "तिचं एवढंच तर होतं गाडीत." आणि तेवढ्यात तिला त्याच्या सदऱ्यातून गोणपाटाचं टोक दिसलं. पुढं होऊन तिनं ते ओढून घेतलं.

"ती घालू नको, चिमा."

"का?"

ती वाकून गादी भोकात बसवायला लागली.

"तिच्यानं दांडा पुरा बसत नाय," रावजी म्हणाला. "तिच्यानंच गाडी सुटली. तेव्हा."

चिमाचे हात थांबले. ती सावकाश सरळ झाली आणि दहाव्यानंतर पहिल्यांदा तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं.

"म्हणजे आयनंच केलं."

"तसं नाय म्हणत मी."

"मग कसं म्हणता? तेव्हा गिअर टाकला होता म्हणालात. कुणी ऐकलं नाय. आता ती बोलायला नाय, तर तिच्यावर घातलंत."

"इथं ये. दाखवतो."

"काय दाखवता? दुपारभर एकटे गाडीत बसला होतात. काय सैल केलंत न् काय बांधलंत, मला काय ठाऊक?"

भागोजीला मधे पडावं लागलं. "मामा, फारुकनं सकाळीच बघितलंय. तिघांनी ढकलली, हलली नाय. आणि राखण दिलीय मी. ऊन उतरलं, निघूया."

"तेव्हा गादी काढलेली होती, भागोजी."

"चिंधीनं कधी गाडी सुटते, मामा?" भागोजी समजुतीनं म्हणाला. म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं. चिमानं गादी चारी बाजूंनी नीट दाबून बसवली, पोरीला मांडीवर घेतलं आणि दार लावून घेतलं. रावजीला वाटलं, गाडीपुढं आडवं पडावं. पण आज आडवं पडलं तर हे उद्या जातील, तो नसताना, आणि ठोकळा कोण घेईल? त्यानं फणसाचा ठोकळा उचलला आणि मागं हौद्यात चढला.

"तुम्ही कशाला?" भागोजीनं विचारलं.

"पोचवायला."

वाडी सुटली. आधी काजूची झाडं, मग उघडा कातळ, मग वाट एकदम खाली वळली. भागोजीनं तिथं थांबून पुढची चाकं जोडली, लो टाकला. हौद्यातून आत बघायला केबिनला मागं एक खिडकी होती, बिनकाचेची. रावजी तिच्यात डोकं घालून बसला होता. त्याला दांडा दिसत होता. बोटभर कमीच होता. खड्यांवरून गाडी उतरायला लागली तसा तो दांडा थरथरायला लागला, आणि रावजीनं कान त्याच्यावर ठेवले. इंजिनचा आवाज, हौद्यातल्या सामानाचा खडखडाट, पोरीचं कुरकुरणं, या सगळ्यांच्या खालून तो टक् ऐकायचा प्रयत्न करत होता. खाली खाडी पत्र्यासारखी चकाकत होती. वाटेला डाव्या हाताला जांभ्याची भिंत, उजव्या हाताला दगडांचा नुसता गडगा आणि त्याच्यापलीकडं काहीच नाही.

काजऱ्याचं झाड दिसलं. भागोजीनं गाडी हळू केली.

रावजी खिडकीतून म्हणाला, "चिमा, पोरीला घेऊन उतर. राखणदाराच्या पायावर घाल तिला. पहिल्यांदाच जातेय ती या वाटेनं."

चिमा पोरीचं टोपरं सारखं करत राहिली.

"तुला घातली होती आयनं. एवढीच होतीस."

हे खरं होतं, आणि ती नाही म्हणू शकत नव्हती. भागोजीही म्हणाला, "हां, ते राहिलंच होतं." गाडी थांबली. चिमा मुलीला घेऊन उतरली आणि वरच्या अंगाला, धोंड्याकडं गेली. भागोजीनं ब्रेक दाबून धरला, पहिला टाकला, इंजिन बंद केलं. ब्रेक हळूच सोडून पाहिला. गाडी उभी राहिली.

सगळं एकदम गप्प झालं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

भागोजी उतरला आणि पाल्याची डहाळी मोडायला लागला. "मामा, ठोकळा लावा."

"तुम्ही वाहून घ्या," रावजी म्हणाला.

तो हौद्यातून उतरून गाडीच्या पुढं गेला होता. त्यानं आधी खालची वाट पाहिली. वळणापर्यंत कुणी येत नव्हतं. कुणाची गुरंही नव्हती. मग तो चाकापाशी आला आणि ठोकळा हातात घेऊन उभा राहिला, चाकापासून हातभर बाजूला. याच जागेवर ती वाकली होती. तेव्हा गाडीचं तोंड वर होतं, एवढाच फरक.

भागोजीनं डहाळी ठेवली, हात जोडले. चिमानं पोरीला धोंड्यापुढं पालथं धरून उचललं, कपाळाला शेंदूर लावला. रावजी गाडीकडं बघत होता. गाडी उभी होती. उभीच होती. त्याच्या मनात आलं, आपणच चुकलो असू तर? दुपारी रेटताना धक्का जास्त बसला असेल. वर्षभर जे लोक म्हणतात तेच खरं असेल, आणि आपण मेलेल्या बाईवर घातलं असेल. तो ठोकळा घेऊन चाकाकडं वाकू लागला.

"बघा, मामा," भागोजी मागून हसत म्हणाला, "चिंधी काय करत नाय. चला, बसा." आणि तो दाराकडं निघाला.

टक्.

रावजीनं तो आवाज ओळखला. गेल्या साली डहाळी ठेवताना पाठीमागं हाच आला होता. आपल्या पायाखाली काटकी मोडली असं त्याला वाटलं होतं.

चाक फिरायला लागलं, अगदी हळू, त्याच्या डोळ्यांसमोर. अजून वेळ होता. ठोकळा नुसता खाली सोडला असता तरी पुरलं असतं. रावजी सरळ झाला आणि एक पाऊल मागं सरला.

भागोजीनं दाराची कडी पकडली होती. "सोडा," रावजी म्हणाला, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीकडं ओढलं. गाडी त्यांच्यासमोरून गेली. आधी माणसाच्या चालीनं, मग धावत्या माणसाच्या. खड्यांवर उड्या मारत ती वळणापर्यंत गेली आणि वळली नाही. गडगा फुटल्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही, मग खूप खालून एक आवाज, आणि त्याच्यामागून आणखी एक.

लाल धूळ वाटेवर बराच वेळ तरंगत राहिली.

भागोजी कडेला बसला होता. "मी गिअर टाकला होता," तो म्हणाला. "मामा, टाकला होता मी. तुम्ही बघितलात ना? कोंबडा दिला होता, गिअर टाकला होता."

चिमा धोंड्यापाशी उभी होती. तिनं पोरीला इतकं आवळून धरलं होतं की पोर रडायला लागली. चिमा वळणाकडं बघत नव्हती. बापाच्या हाताकडं बघत होती.

"ठोकळा तुमच्या हातात हाय, बाबा."

"हाय."

"लावायला काय झालं होतं?"

रावजीनं ठोकळ्याकडं पाहिलं. मग तो वाटेच्या कडेला नीट ठेवला.

"लावला असता तर तू परत तिच्यात बसली असतीस," तो म्हणाला.

चिमानं पोरीच्या डोक्यावरून पदर घेतला, आणि उजेड होता तोवर खाली पोचायचं म्हणून ती पायीच उतरायला लागली. फुटलेल्या गडग्यापाशी ती थांबली. तिथून खालचं दिसत असणार. तिनं मान वळवली नाही, भिंतीच्या अंगानं ती पुढं गेली.